मला कळू देऊ नको

“ह्या नळ्या काढ मिस्त्री, आन् जुना सायलेन्सर बसव,” गोरक्षनाथ म्हणाला.

भिमाजी मिस्त्री गाडीखाली वाकून बघत होता. तो तसाच उठून उभा राहिला. शेवगावच्या आपल्या गॅरेजात त्यानं आजवर जे काही केलं होतं, त्यात ह्या दोन नळ्यांचं त्याला भारी कौतुक होतं. गाडी म्हणजे लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी पिकअप. तिचा सायलेन्सर काढून त्यानं सरळ पाइप टाकला होता आणि भंगारातल्या एसटीच्या चकचकीत दांड्या कापून त्या मागच्या चाकापुढून तिरप्या बाहेर काढल्या होत्या. गाडी शर्यतीची वाटायची. चालू केली की बाजारातली माणसं वळून बघायची.

“का रं? पोलिसानं आडवलं?”

“न्हाई.”

“मंग काय बिघडलं? चार म्हैन्यामागं तूच म्हनला, आवाज दोन वावरं पल्याड गेला पायजे. आता बाकीचे डायवर माझ्या मागं लागल्यात, आमाला बी तशीच करून दे म्हनून.”

गोरक्षनाथ भिंतीला टेकवलेल्या टायरपाशी खाली बसला. तरणा गडी आहे, हौस असेल, असंच भिमाजीला वाटलं होतं. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं, आणि त्यानंही ते वाटू दिलं होतं.

“हौस नव्हती,” तो म्हणाला. “चांगुनासाठी केलं हुतं.”

चांगुणा त्याची धाकटी बहीण. नेवाशाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वस्तीवर दिलेली. तिच्या लेकराच्या बारशाला नवऱ्यानं चारचौघांत तिच्यावर हात उचलला आणि गोरक्षनाथनं त्याची गचांडी धरली. त्या दिवसापासून ते दार त्याला बंद झालं. भाऊ वस्तीवर दिसला तर तुला माहेरी घालवू आणि लेकरू ठेवून घेऊ, असं सासूनं तिला बजावलं. पण नेवाशाकडं जनावरांची छावणी लागली होती आणि तिथं पेंड पोचवायला गोरक्षनाथला आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं जावं लागायचं.

“थांबायचं न्हाई, हाक मारायची न्हाई. मंग मी चाललोय हे तिला कळावं कसं? ह्या नळ्या वाजल्या की ती हातातलं काम टाकून बांधावर यायची. हात बी न्हाई हालवायची. नुसती उभी ऱ्हायची, मी दिसंनासा होईस्तवर.”

“बरं मंग?”

“तीन आठवडे झाले, बांध मोकळा. काल बनुबाई आलती.”

बनुबाई वस्त्यावस्त्यांवर बांगड्या भरत फिरायची. भिमाजीच्याही घरी यायची.

“चांगुनानं तिच्याजवळ निरोप दिलाय. सासूनं आवाज वळखला. लांबून नळ्या वाजल्या की म्हातारी चांगुनाला घरात ढकलती आन् भायेरनं कडी लावती. मी नेवाशाला जाऊन माघारी येईस्तवर. लेकरू भायेर रडतं, ही आत.”

भिमाजीनं हातातला पाना खाली ठेवला.

“बाकीचं सगळं सोसती म्हनली, पर गाडीचा आवाज आला की लेकरू हातातनं जातं.” गोरक्षनाथनं टायरवरची माती नखानं खरवडली. “म्हनली, दादाला सांगा, ह्या रस्त्यानं येऊ नको म्हनत न्हाई मी. ये, जा. पर मला कळू देऊ नको.”

गोणपाट टाकून भिमाजी गाडीखाली गेला. नळ्या उतरवल्या. अडगळीतला जुना सायलेन्सर गंजला होता, त्याला दोन ठिकाणी भोकं पडली होती. कुणी न सांगता त्यानं दोन्हीवर पत्र्याचे तुकडे लावून वेल्डिंग मारलं. गाडी चालू करायला लावली आणि सांध्याजवळ कान नेऊन ऐकलं.

“आजून येतोय थोडा,” तो म्हणाला आणि पुन्हा आत शिरला.

गुरुवारी पेंडीची पोती भरून गोरक्षनाथ निघाला. पावसाचं नाव नव्हतं, रस्त्याची नुसती भुकटी झाली होती. वस्तीजवळच्या वळणावर त्याला चांगुणा दिसली. बांधावर नाही, रस्त्यावरच. डोक्यावर घागर, कडेवर लेकरू. पाठमोरी चालली होती. पायांत काही नव्हतं. बारशानंतर ते लेकरू त्यानं पाहिलंच नव्हतं; चांगलं बाळसं धरलं होतं.

मागून कुणाची तरी गाडी आली म्हणून ती कडेला सरली आणि वावराकडं तोंड करून उभी राहिली. परक्या माणसापुढं घेतात तसा तिनं पदर पुढं ओढला. धूळ जाऊ नये म्हणून त्याच पदराचं टोक लेकराच्या तोंडावर धरलं.

गोरक्षनाथचा पाय ब्रेकवर गेला. पलीकडं अंगणात सासू काहीतरी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानं ब्रेकवरचा पाय काढला. गाडी पहिल्या गिअरवर घेतली आणि धूळ उडणार नाही इतक्या सावकाश बहिणीच्या पाठीमागून पुढं नेली.