हिम्मतरावांची भेट

हिम्मतराव दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसले आणि नरहरच्या हातातलं कापडाचं ठाण मेजावर आपटलं.

गिऱ्हाईक एकच होतं. तेही दोन शर्ट उलटेपालटे करून निघून गेलं.

एकनाथरावांच्या सात दुकानांपैकी आता दोनच उरली होती, गौलीगुड्यातलं जुनं आणि हे आबिड्सचं. एके काळी हैदराबादेत ज्याला सरकारी नोकरी लागे, तो आधी एकनाथरावांकडे शेरवानीचं माप द्यायला येई. एका मशीनवर सुरू झालेला धंदा औरंगाबाद, नांदेड, गुलबर्ग्यापर्यंत पसरला. मग शेरवानी मागं पडली, बुशशर्ट आला. आणि गेल्या वर्षी राज्याचेच तीन तुकडे झाले. नांदेड-औरंगाबाद मुंबई राज्यात गेलं, गुलबर्गा म्हैसूर राज्यात. मराठी कारकून बदली घेऊन तिकडं निघून गेले. इथून तिकडच्या दुकानांना माल पाठवणं जिकिरीचं झालं. एकेक दुकान मिटत गेलं.

आणि दुकान मिटण्याआधी तिथं दर वेळी हिम्मतराव जाऊन आलेले असत. ते मालकांचे फिरते तपासनीस. नांदेडला गेले, पंधरवड्यात नांदेड बंद. गुलबर्ग्याला तर आठवडाही लागला नाही. त्यांचं नुसतं नाव निघालं तरी नोकर दुसरीकडं काम शोधू लागत.

नरहर आबिड्सचा मॅनेजर होता. वय एक्कावन्न. महिनाभर त्याला अन्न जात नव्हतं. बायको, लीला, विचारी तेव्हा उन्हाळ्यावर ढकलून तो ताटावरून उठे. या वयात दुसरीकडं कोण उभं करणार, हे तिला सांगायची त्याची छाती होत नव्हती.

"या साहेब. कळवलं असतं तर गाडी पाठवायला सांगितली असती मालकांना."

"नको. बसनं आलो," हिम्मतराव म्हणाले आणि खुर्चीच्या कडेला टेकले.

नरहरनं समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. कप त्यानं स्वतःच पुढं केला.

"आबिड्सचं काय ठरलंय साहेब?"

"मालकांच्या मनातलं मला काय ठाऊक? फार माणसं आता परवडत नाहीत म्हणतात."

"खरंय त्यांचं."

"तुमच्याकडं किती आहेत?"

"पाच. मी, एक विक्रीला, दोघं मशीनवर. आणि कापायला दत्तोबा मास्तर."

"कापायला एकटेच?"

हिम्मतराव मागच्या खोलीच्या पडद्याकडं बघत राहिले. आज कुणाचा तरी बळी गेल्याशिवाय हा माणूस उठणार नाही, असं नरहरला वाटलं. आणि तो बोलू लागला.

"मास्तरांचं आता वय झालंय साहेब. नजर कमी आली. परवाच एका कोटाच्या बाह्या आखूड झाल्या. गिऱ्हाईक चार माणसांत बोलून गेलं."

बाह्या आखूड झाल्या होत्या खऱ्या. पण माप चुकीचं लिहून घेतलं होतं ते नरहरनं. मास्तरांनी तेव्हा अवाक्षरही काढलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याला हाताला धरून एकनाथरावांपुढं उभं केलं, तेही त्यांनीच.

"नरहरराव, जरा माझं ऐकता का—"

"कळलं साहेब. तुम्ही बोलायची गरज नाही. दहा मिनिटं द्या मला."

मागच्या खोलीत दत्तोबा खडूनं कापडावर रेघा ओढत होते. नरहरनं कागद घेतला आणि मास्तरांच्या नावानं राजीनामा लिहिला.

"मास्तर, वरून हुकूम आलाय."

दत्तोबांनी पडदा जरा सरकवला. बाहेर बसलेले हिम्मतराव त्यांना दिसले.

"माझ्या एकट्यापुरता?"

"हौ."

"तू राहतोस ना?"

नरहरनं मान डोलावली.

"मग ठीक. दे इकडं कागद."

सही झाली. दत्तोबांनी हातावरचा खडू झटकला, टोपी घातली आणि ते पुढच्या दारानं निघाले. त्यांना बघून हिम्मतराव उठून उभे राहिले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

मास्तर रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासे झाले, तेव्हा नरहरचा श्वास मोकळा झाला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

"मास्तर कुठं निघाले?" हिम्मतरावांनी विचारलं.

"मोकळं केलं त्यांना. आजपासूनच. आता चार माणसांत दुकान चालेल साहेब. मालकांना तसं सांगा."

हिम्मतराव हळूच खाली बसले. रिकामा कप त्यांनी खाली वाकून खुर्चीजवळ ठेवला.

"मालकांना मी काय सांगणार, नरहरराव? सोमवारी त्यांनी मलाच घरी बसवलं. तपासायला दुकानंच कुठं उरलीत, म्हणाले. मी मूळचा कटर. मास्तरांच्या हाताखाली काही काम मिळतंय का, ते विचारायला आलो होतो." त्यांनी मान वर केली नाही. "आता त्यांचीच जागा रिकामी झालीय, तर ती मला द्याल का?"