लख्ख पातेलं

बावन्न सालची गोष्ट. लग्न होऊन पनवेलला आलेल्या लीयाला जेमतेम महिना झाला होता. माहेरी मुंबईला सगळी ॲल्युमिनियमची भांडी. इथं झिराडकरांच्या घरात मात्र दारातूनच नजरेत भरेल अशी पितळी भांड्यांची मांडणी होती. "भांडी आरशासारखी हवीत हो, येणारा-जाणारा आधी तीच बघतो," असं सासूबाईंनी, जोकबेदबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लीयानं त्यात कसूर केली नाही.

शब्बाथला, यहुदी धर्माच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दुपारीच चिंच घालून माशांचं कालवण झालं आणि मोठ्या पातेल्यात तसंच झाकून ठेवलं. शनिवारी प्रार्थना आटोपून सगळे जेवायला बसले. सातवा महिना लागलेल्या नणंदेला, मझलला, आंबटाचे डोहाळे. तिनं तर तीनदा मागून घेतलं.

"कालवण जरा कळकल्यासारखं लागतंय का गं?" सासऱ्यांनी घास थांबवून विचारलं.

"भलतंच काय! उघड्या पितळेत आंबट कळकून विष होतं, म्हणून तर गेल्याच महिन्यात पातेल्यांना आतून कल्हई करून घेतलीय," म्हणत जोकबेदबाई पातेल्यात वाकल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

आपलं काम एकदाचं त्यांच्या नजरेला पडलं, म्हणून लीयाचा चेहरा फुलला.

 

"बाहेरून काय, कुणीही घासतं, आई. आतला तो पांढरा थर मात्र जाता जात नव्हता. महिनाभर रोज विटेच्या भुकटीनं घासला, तेव्हा परवा कुठं निघाला!"