वाळायला लागणारे दिवस

बाबा गेल्यावर मी महिनाभर आईजवळ राहिले. परत निघायच्या आदल्या दिवशी तळघरात गुडघाभर पाणी साचलं.

पाणी उपसून, भिंती खरवडून सगळं वाळवायचा सफाईवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी जिन्यातच बसले. भाजीवाल्याशीही दहा मिनिटं घासाघीस करणारी आई मात्र लगेच म्हणाली, "देऊन टाकू. दिवस किती लागतील?"

"तीन आठवडे, मावशी."

"ऐकलंस ना? तिकीट पुढे ढकल." ती चहा टाकायला वर गेली.

सफाईवाला हळूच म्हणाला, "ताई, पाइप धडधाकट आहे. नळ पूर्ण उघडा होता आणि गटाराच्या जाळीत हा कोंबलेला होता."

बाबांचा स्वेटर.

मी तो पिळला आणि खालूनच हाक मारली, "आई, पाइप फुटलाय गं."