जानव्याची किल्ली

कलकत्त्याला बदली झाल्यावर श्यामकांतांच्या बालीगंजच्या घरी सरकारी फोन आला आणि त्यांनी त्याच दिवशी डायलला कुलूप घातलं. किल्ली कायम जानव्याला.

पुण्याहून वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा शकुनने एका ट्रंक कॉलसाठी नवऱ्यापुढे पदर पसरला. वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता ते म्हणाले, "मिसयूज म्हणजे काय, कळतं का तुला? वस्तू ज्या कामासाठी दिली, ते सोडून भलत्याच कामाला वापरणं. हा फोन ऑफिससाठी आहे, तुझ्या माहेरच्या रडारडीसाठी नाही."

वडिलांचा आवाज तिने पुन्हा ऐकला नाही.

पुढे एकदा बंगाल बंद होता, ट्रामसुद्धा धावत नव्हत्या. भरदुपारी श्यामकांत छाती धरून खाली बसले. घामाने थबथबलेल्या हाताने त्यांनी जानव्याची किल्ली तिच्यापुढे धरली. "बागबाजारच्या डॉक्टरांना फोन लाव... लवकर!"

शकुनने किल्लीकडे पाहिलं आणि शांतपणे पायात चपला सरकवल्या.

"अहो, मिसयूज होईल ना! बसा तुम्ही. बागबाजार काय, शहराच्या त्या टोकाला तर आहे. येते चालत जाऊन."