पुढच्या महिन्यातलं मॉडेल

“हा कॉम्प्युटर कशाला आणलास, ताई? पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. परत करून टाक,” भाऊ खोक्याकडे न बघताच म्हणाला.

ताईचं टाळकंच सरकलं. प्रवासाची बॅग अजून खांद्यावरच होती. गेली दोन वर्षं ती हेच ऐकत होती. आधी नवीन मॉडेल, मग त्यात म्हणे काहीतरी खोट, मग त्याच्याही पुढचं मॉडेल. आणि सांगणारा कोण, तर गावभरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा! स्वतःच्या घरात मात्र त्याने असलं डबडं ठेवलं होतं, की व्हिडिओ कॉल लावला की दर दोन मिनिटांनी चित्र अडकायचं.

दुसऱ्या कुणाकडे चित्र अडकलं तर निदान आवाज तरी येतो. यांच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर तिच्या अधू डोळ्यांना लेकीची बोटं दिसत नसत. म्हणून रविवारी कॉम्प्युटरसमोर बसायचं, चार वाक्यं झाली की हात हवेत गोठायचे, आणि राहिलेलं बोलणं पुरं करायला ताईने दर महिन्याला सहा तासांची बस धरायची.

गेल्या रविवारी तर कहरच झाला. आईने छातीवर हात ठेवला आणि पडदा काळा. भाऊ फोन उचलेना. जीव मुठीत धरून ताई धावत आली, तर आई खुशाल शेंगा सोलत बसलेली. “मी” म्हणायला तिने छातीवर हात ठेवला होता. इतकंच! त्याच दिवशी ताईने ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही.

“लाज नाही वाटत तुला?” ती कडाडली. “तुझ्या एका दुपारचं काम होतं रे! गिऱ्हाइकांचं धावत करतोस, आईचं करायला जिवावर येतं? तिचं वय थांबणार आहे का तुझ्या मॉडेलसाठी?”

भावाने एकदा आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. ते बघून ताई आणखीच भडकली. तिने खोकं टेबलावर आदळलं. जुन्या कॉम्प्युटरची वायर खसकन उपटली.

खोलीतला दिवा गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. या घरात त्याचा अर्थ एकच, इकडे बघा. आई बटणापाशी उभी होती. ओठ वाचून तिला सगळं भांडण कळलं होतं.

तिने छातीवर हात ठेवला. मग भावाकडे बोट केलं, मग तळहात आडवा धरला. समोरासमोर होती, त्यामुळे या वेळी काहीच अडकलं नाही.

“मीच त्याला अडवलं. तिथून सगळं नीट दिसायला लागलं, तर तू इथं कशाला येशील?”