नुसतं "माझा" चालत नाही

"माझा, सोड," असं ओरडत माझ्या पोरीने बॉल अडवला आणि रेफरीने शिट्टी फुंकली. फ्री किक समोरच्यांना मिळाली आणि त्यातूनच त्यांनी गोल केला. माझं डोकं फिरलं. रेफरी रेषेजवळ आला तसं मी त्याला गाठलं.

"पोरीने बॉल मागितला, चोरला नाही. आता बोलायचीही बंदी का?"

"काका, नुसतं 'माझा' चालत नाही. समोरच्या मुलीला वाटलं, आपलीच कुणीतरी ओरडतेय, म्हणून ती थांबली. ही फसवणूक झाली. स्वतःचं नाव घेऊन ओरडायला सांगा तिला."

"घाला तुमचे नियम चुलीत," म्हणत मी मागे फिरलो. पोरगी माझ्याकडे रागाने बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

पुढचा बॉल उंच आला. ती धावत सुटली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "भिंगरीचा!"



तिच्या आईने ठेवलेलं हे लाडाचं नाव, आई गेल्यावर एकदा चुकून माझ्या तोंडून निघालं, तर पोरगी भरल्या ताटावरून उठून गेली होती.