भैय्याजींचं फुकिरान

भैय्याजी गेल्यावर त्यांच्या पत्नी रमावहिनींनी त्यांची जपानी ऑर्किड ऑनलाइन लिलावात विकायचं काम दिवाकररावांवर सोपवलं. भैय्याजी आणि दिवाकरराव मित्र, दोघंही स्टील प्लांटमधून निवृत्त, आणि दोघांनाही या लिलावांचा सारखाच नाद. "मले त्यातलं काही समजत नाही भाऊजी, तुम्हीच पाहा," वहिनी म्हणाल्या. त्या झाडांत पांढऱ्या रेघांच्या पानांचं एक फुकिरान होतं. जपानमधल्या लिलावात ते दिवाकररावांच्या हातून निसटून भैय्याजींकडे गेलं होतं. बाकीच्या झाडांची माहिती दिवाकररावांनी मन लावून लिहिली. या एकाचा मात्र अंधुक फोटो टाकला, खाली 'साधं झाड' लिहिलं आणि सुनेच्या नावानं बोली लावून ते स्वतःच घेतलं. जूनमध्ये ते त्यांच्या बाल्कनीत फुललं आणि संध्याकाळ झाली की त्याचा गोड वास घरभर पसरू लागला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वहिनी रुआबांध्याच्या घरून वर्षश्राद्धाचं सांगायला आल्या आणि दारातच थबकल्या. "भाऊजी, हे गेले त्या संध्याकाळी घरभर हाच वास होता. मंग पुन्हा कधी आलाच नाही. मी रोज वाट पाहून राहिली."  सांगून टाकावं, झाड आणून त्यांच्या हातात द्यावं, म्हणून दिवाकरराव उठलेही. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे येऊन राहिले काय आमचे हे?" त्यांचे डोळे भरले होते, पण वर्षभरात पहिल्यांदाच चेहरा उजळला होता. "हो वहिनी," दिवाकरराव म्हणाले, आणि पाठीमागे हात नेऊन त्यांनी बाल्कनीचं दार हळूच ओढून घेतलं.